गाडीची योग्यता आणि चालकाचा अधिकार

घाटात किंवा महामार्गाच्या उतारावर एखादा मालट्रक पुढील वाहनांवर जाऊन आदळतो, माणसे मरतात आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘ब्रेक निकामी झाल्याने’ हे शब्द ठरल्याप्रमाणे येतात. या शब्दांनी सर्वांचीच सोय होते. मालक सुटतो, गाडीला प्रमाणपत्र देणारे कार्यालय सुटते आणि आकाशातून वीज पडावी तसे हे संकट कोसळले, असे समाधान समाजालाही मानता येते. उरतो तो चालक. तो जिवंत राहिला असेल तर कोठडीत जातो. वस्तुतः सुस्थितीतील गाडीचे ब्रेक सहसा एका क्षणात निकामी होत नाहीत. लायनर झिजत असते, हवेच्या नळीतून गळती होत असते, आणि त्याची चाहूल चालकाच्या पायाला कित्येक दिवस आधी लागलेली असते. प्रश्न आहे तो ही चाहूल ऐकण्याची व्यवस्था आपण केली आहे काय, हा.

पुण्यात 20 नोव्हेंबर 2022 रोजी कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एका मालवाहू वाहनाने अनेक वाहनांना धडक दिली. प्रथम ब्रेक निकामी झाल्याचेच बोलले गेले. पुढे प्राथमिक तपासात, इंधन वाचविण्यासाठी चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याची बाब समोर आली. जड वाहनाचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि तो दाब इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर निर्माण करतो. इंजिन बंद होताच नवी हवा भरणे थांबते, गिअरमध्ये राहिल्याने मिळणारा इंजिनाचा रोधही जातो, आणि वारंवार ब्रेक दाबल्याने साठलेली हवा संपत जाते व ड्रम तापून पकड सुटते. हे अज्ञान आहे हे खरेच. परंतु अनेक ठिकाणी चालकाला फेरीगणिक मोजून डिझेल दिले जाते आणि वाचेल ते त्याच्या पदरी पडते. ज्याच्या पोटाचा हिशेब लिटरवर बांधलेला आहे, त्याला उतारावर इंजिन चालू ठेवण्याचा उपदेश करणे सोपे आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 56 प्रमाणे योग्यता प्रमाणपत्रावाचून कोणतेही परिवहन वाहन रस्त्यावर आणता येत नाही. यालाच वाहतुकीच्या धंद्यात ‘पासिंग’ म्हणतात. 2018 च्या दुरुस्तीनंतर आठ वर्षांपर्यंतच्या वाहनाला हे प्रमाणपत्र दोन वर्षांसाठी, तर त्याहून जुन्या वाहनाला एका वर्षासाठी मिळते. दोन वर्षांत लांब पल्ल्याचा ट्रक सहज लाखभर किलोमीटर धावतो. एवढ्या अवधीत एकदाच होणारी तपासणी तरी कसून व्हावी, ही अपेक्षा अवाजवी नव्हे. परंतु पासिंगपुरते चांगले टायर चढवून नंतर ते उतरविण्याच्या कथा ट्रक टर्मिनलवर कोणीही सांगेल. महाराष्ट्रात तर ब्रेकच्या चाचणीसाठी 250 मीटरची धावपट्टी उभारा, असे उच्च न्यायालयाला सरकारला बजावावे लागले. त्याआधी कित्येक ठिकाणी ब्रेकची परीक्षा कशी होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

या गैरप्रकारांवर उपाय म्हणून केंद्र सरकारने 2021 मध्ये स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम केले. तेथे रोलरवर चाके फिरवून यंत्राद्वारे ब्रेकची शक्ती मोजली जाते. जड वाहनांना ही चाचणी 1 एप्रिल 2023 पासून सक्तीची होणार होती. केंद्रेच पुरेशी नसल्याने ती मुदत 1 ऑक्टोबर 2024 पर्यंत पुढे ढकलावी लागली. यंत्र लाच घेत नाही, म्हणून या सुधारणेचे स्वागतच केले पाहिजे. तथापि उत्तमात उत्तम यंत्रसुद्धा गाडीची त्या एका दिवसाची प्रकृती सांगते. उरलेल्या दिवसांचा साक्षीदार एकच असतो, तो म्हणजे चालक. आणि आपल्या व्यवस्थेत त्याच्याच साक्षीला किंमत नाही.

अमेरिकेत चालकाने गाडी हलविण्यापूर्वी ती सुरक्षित असल्याची स्वतः खात्री करून घ्यावी, आढळलेले दोष लेखी नोंदवावेत आणि ते दुरुस्त झाल्याचे पाहावे, असा नियम आहे. एवढेच नव्हे, तर सदोष गाडी चालविण्यास नकार देणाऱ्या चालकाला कामावरून काढता येणार नाही, असे संरक्षण तेथील 1982 च्या कायद्याने दिले आहे. या संरक्षणावाचून तपासणीची सक्ती म्हणजे केवळ चालकाच्या गळ्यात आणखी एक जबाबदारी अडकविणे होय. आपल्याकडे ‘गाडीचे ब्रेक बरोबर नाहीत, मी निघणार नाही’, असे म्हणणाऱ्याला चावी खाली ठेवावी लागते. दुसरा चालक दारात उभाच असतो.

आपल्या कायद्यातील एक विसंगती येथे नमूद केली पाहिजे. गाडीत मर्यादेपेक्षा अधिक माल भरलेला सापडल्यास तो मालकाच्या माहितीने वा हुकुमानेच भरला गेला, असे न्यायालयाला कलम 113 प्रमाणे गृहीत धरता येते. सदोष गाडीसंबंधीच्या कलम 190 मध्ये मालकाविरुद्ध असे गृहीतक नाही. गाडी चालवू देणाराही त्या कलमाखाली दोषी ठरू शकतो खरा, पण रस्त्यावर हाती सापडतो तो चालक. दंडही केवळ दीड हजार रुपयांचा. ब्रेकच्या दुरुस्तीपेक्षा तो भरणेच परवडावे! जास्तीचे वजन मालकाला ठाऊक असते आणि झिजलेले ब्रेक मात्र ठाऊक नसतात, हा तर्क कोणाच्या गळी उतरेल?

बहुसंख्य मालक एक-दोन ट्रकांचेच धनी असतात, हप्ते आणि डिझेल यांतच त्यांची कमाई जाते, असा यावर आक्षेप येईल. तो खोटा नाही. परंतु त्याचा निष्कर्ष मालाची भाडी वाजवी असावीत व माल पाठविणाऱ्या बड्या व्यापाऱ्यांनीही जबाबदारी उचलावी, असा निघतो. गाडी तशीच दामटावी असा नव्हे.

म्हणून तीन गोष्टी व्हावयास हव्यात. प्रत्येक फेरीपूर्वी चालकाने ब्रेक, टायर, दिवे व सुकाणू यांची लेखी नोंद करावी आणि तिची प्रत मालकाने सही करून ठेवावी. नोंदविलेला दोष दुरुस्त होईपर्यंत गाडी न चालविण्याचा हक्क चालकाला कायद्याने, मजुरी न बुडता, मिळावा. आणि कलम 113 मधील गृहीतक सदोष गाडीलाही लागू करून दंड दुरुस्तीच्या खर्चाहून मोठा करावा.

2022 या एका वर्षात देशात 1,68,491 माणसे रस्ते अपघातांत मरण पावली. अपघातानंतर पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद झाली, तेव्हा जानेवारी 2024 मध्ये देशभरचे चालक गाड्या उभ्या करून रस्त्यावर उतरले आणि सरकारला त्या तरतुदीची अंमलबजावणी थांबवावी लागली. अपघातानंतर चालकाला काय शिक्षा करावी यावर त्या वेळी देशात पुष्कळ चर्चा झाली. अपघातापूर्वी त्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार द्यावा काय, ही चर्चा अद्याप व्हावयाची आहे. ती पुढच्या अपघाताची वाट न पाहता व्हावी.