एक आवाज, चार चॅनेल
कीर्तनात मागच्या रांगेतल्या आजींनाही बुवांचा शब्द स्वच्छ ऐकू यायला हवा. त्यासाठी मिक्सरची एकच लाइन अ‍ॅम्प्लिफायरच्या चारही चॅनेलना खुशाल द्या. चॅनेलचा इनपुट साधारण २० किलोओहमचा. चार समांतर जोडले तरी ५ किलोओहम उरतात आणि मिक्सरला ते सहज पेलतात. मागे ‘पॅरलल’चा खटका असेल, तर जादा वायरही नको. मात्र ‘ब्रिज’चा खटका दाबण्याआधी थांबा. त्यात दोन चॅनेल मिळून एकच स्पीकर चालवतात. ४ ओहमचा स्पीकर प्रत्येक चॅनेलला २ ओहमचाच भासतो आणि अ‍ॅम्प्लिफायर तापून ऐन रंगात बंद पडू शकतो. इनपुट हवे तितके वाटा, पण दोन चॅनेलचे आउटपुट एकमेकांना कधीही जोडू नका. एवढी शिस्त प्रत्येक साउंडवाल्याने पाळायलाच हवी.