नोंदवही, आलेख आणि आपण

आयुर्वेद हे अनुभवसिद्ध शास्त्र आहे, असे आपण प्रत्येक व्यासपीठावरून सांगतो. परंतु तो अनुभव दुसऱ्यास दाखवावयाचा प्रसंग आला, की "बऱ्याच रुग्णांना उपशय मिळाला" या वाक्यापलीकडे आपणांस फारसे जाता येत नाही. आपल्या नोंदवह्यांतील आकडे आलेखरूपाने मांडावयास आपण शिकले पाहिजे, आणि ते मांडताना केवळ सरासरीवर विसंबता कामा नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सरासरी किती फसवी असते, हे आपल्याच परिसरात पाहावे. महाबळेश्वरास वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. दोहोंची सरासरी ना महाबळेश्वराची, ना दहिवडीची. सांगलीत शिराळा आणि जत यांच्यातही असेच अंतर आहे. आनूप व जांगल देशांचा भेद जाणणाऱ्या वैद्याने हे प्रदेश एकाच आकड्यात मिसळू नयेत. दोन्हीकडील महिनावार नोंदी जोडस्तंभालेखात शेजारी शेजारी मांडल्या, तर अतिसार वा संधिगत वात कोठे व कोणत्या ऋतूत वाढतो, हे एका दृष्टिक्षेपात कळेल. चिकित्सालये लहानमोठी असल्याने तेथे रुग्णसंख्येऐवजी दर शंभर रुग्णांमागील प्रमाण घ्यावे.

"प्रत्येक रुग्णाची प्रकृती भिन्न, मग आयुर्वेदास संख्याशास्त्र कसे लागू व्हावे?" हा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याचे उत्तर खटाव तालुक्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेल्या डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्या कार्यात सापडते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुखपद भूषविलेल्या या संख्याशास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले, की एकाच निरोगी व्यक्तीची आहाराची गरजही दिवसागणिक बदलते. म्हणून सरासरीहून कमी खाणारा प्रत्येकजण कुपोषित ठरत नाही. त्यावर पुष्कळ वाद झाले. परंतु भिन्नता हाच संख्याशास्त्राचा विषय आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

चरकाचार्यांनी दशविध परीक्ष्य भावांत 'प्रमाण' सांगितले आणि शरीराचे माप ज्याच्या त्याच्या अंगुलीने घेण्यास सांगितले. रुग्णाची तुलना प्रथम त्याच्याशीच करावी, हे तत्त्व येथेही उपयोगी पडते. समजा, दहा रुग्णांच्या वेदनेस ० ते १० असे गुण दिले आणि चिकित्सेपूर्वी सर्वांचे गुण ८ होते. महिन्यानंतर पाच जणांचे २ झाले, पाच जणांचे ८ च राहिले. सरासरी ५ येते. प्रत्यक्षात ५ गुणांचा एकही रुग्ण नाही! प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र रेषा काढली, तर दोन गट तत्काळ दिसतात आणि खरा प्रश्न उभा राहतो : उपशय न मिळालेल्यांचा अग्नी, वय, पथ्यपालन यांत काय वेगळे होते? अर्थात, तुलनेसाठी दुसरा गट नसेल, तर अशा आलेखाने औषधाची कार्यकारिता सिद्ध झाली, असे म्हणू नये.

औषधनिर्माते व विक्रेते बंधूंनाही एक विनंती. ७२ आणि ७८ या आकड्यांचे स्तंभ काढताना उभी मोजपट्टी ७० पासून सुरू केली, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या चौपट उंच दिसतो. माहितीपत्रकातील असा आलेख वैद्याची दिशाभूल करतो. स्तंभालेख शून्यापासूनच सुरू व्हावा आणि त्याखाली रुग्णसंख्या व कालावधी नमूद असावा. दुकानातील विक्रीचा आलेख काढताना माल उपलब्ध नसलेले महिने खुणेने दाखवावेत. अन्यथा पुरवठ्यातील खंड मागणीतील घट म्हणून वाचला जाईल.

यासाठी संगणक असलाच पाहिजे असे नाही. चौकटीचा कागद आणि दोन रंगांच्या पेन्सिली पुरेत. संघटनेने एकच व्याधी निवडावी, सर्वांसाठी एकसारखा नोंदतक्ता द्यावा आणि सातारा व सांगलीतील सभासदांनी वर्षभर तो प्रामाणिकपणे भरावा. ज्यांना गुण आला नाही, त्यांचीही नोंद त्यात हवी. ती वगळली, तर आलेख कितीही सुबक असला, तरी तो केवळ शोभेचा ठरेल.