टाचेला पडलेले भोक

आईच्या हातच्या लोकरी मोज्यांवर गहिवरून लिहिणाऱ्या समस्त लेखक-लेखिकांशी माझे भांडण आहे आणि ते आज जाहीरपणे मांडते. हिवाळ्याची पहाट, पेटलेली शेगडी, आईच्या बोटांतल्या सुया, लोकरीच्या गुंड्याशी खेळणारे मांजर, हे सगळे त्या लेखांत असते. वाचताना आपलेही डोळे पाणावतात. पण त्या मोज्यांचे पुढे काय झाले, हे कुणी सांगत नाही. मी सांगते. टाचेला भोक पडले आणि त्यांनी स्कूटर पुसली.

हे दुसऱ्याला टोचायला लिहीत नाही. मी ग्वाल्हेरची लेक आणि बेळगावची सून. माझ्या लग्नात आईने यांच्यासाठी निळ्या लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड विणून दिले आणि सोबत उरलेल्या लोकरीचा एक लहानसा गुंडाही दिला. ग्वाल्हेरच्या मानाने इथली थंडी ती केवढी! तरी यांनी ते मोजे सहा हिवाळे घातले. मग टाच विरली. मी सुई घेऊन बसले तशा जाऊबाई म्हणाल्या, "अगं, लोक काय म्हणतील? भाऊजींना पगार मिळत नाही का?" मी ओशाळले. मोजे टाकून दिले. पुढच्या दिवाळीला आई आली, तिने विचारले. मी म्हटले, "जपून ठेवलेत." "ठेवायला विणले होते का? मग तो गुंडा कशाला दिला होता?" एवढेच ती म्हणाली. पुन्हा तिने आमच्या घरात कुणासाठी मोजे विणले नाहीत.

आपल्या या भागात मराठीत ठिगळ म्हणतात, कानडीत तेपे, माझ्या माहेरच्या हिंदीत पैबंद. भाषेवरून आपण कितीही भांडू, पण ठिगळाला नाक मुरडण्यात तिन्ही भाषांचे एकमत! आणि गंमत पाहा, जुन्या लुगड्या-धोतरांची कौदी आता शहरातले लोक कौतुकाने विकत घेतात. तीच ठिगळे पाठीखाली चालतात, पायात चालत नाहीत.

"बाजारात स्वस्तात तीन जोड मिळतात, मग हा खटाटोप कशाला?" असे विचारणारे भेटतात. त्यांनी बाजारचे मोजे खुशाल घ्यावेत, मीही घेते. पण हातचा जोड म्हणजे साधारण १०० ग्रॅम बारीक लोकर, एकेका वेढ्यात साठ-चौसष्ट टाके आणि माझ्यासारखीच्या आठ-दहा संध्याकाळी. भोक असते अर्ध्या इंचाचे, ते बुजवायला तासभर पुरतो. तासाच्या आळसापायी दहा संध्याकाळी केराच्या टोपलीत टाकायच्या, हा कुठला हिशेब? बरे, विरणे हा विणणारणीचा दोष नव्हे. निव्वळ लोकर टाचेला घासून झिजतेच. म्हणून जाणत्या बायका टाच नि पंजा विणताना लोकरीबरोबर नायलॉनचा धागा धरतात. तरीही ती कधीतरी झिजणारच.

शाळांचेही माप पदरात घालते. १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीनंतर 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' अभ्यासक्रमात आले. माझ्या मुलीने त्यात लोकरीचा एक चौकोन विणला, म्हणजे मी विणला, आणि गुण तिला मिळाले. त्या चौकोनाचा उपयोग समाजाला तर सोडाच, आमच्या मांजरालाही झाला नाही. फाटलेले सांधायला मात्र कुणी शिकवले नाही. आणि मुलांच्या हाती तर सुई दिलीच नाही! आपण छावणीच्या गावात राहतो, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आपल्या दारात आहे. ब्रिटिश शिपायाच्या सामानात सुईदोऱ्याची पिशवी असे, तिला ते 'हाऊसवाइफ' म्हणत. नाव बायकोचे, पण सुई चालवायची शिपायानेच. मोज्याचा पंजा बिनशिवणीचा बंद करण्याचा जो टाका आहे, तो किचनरच्या नावाने ओळखतात. हा किचनर १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचा सरसेनापती होता. मोज्याच्या टाक्याला सेनापतीचे नाव चालते. आमच्या घरच्या पुरुषांना मात्र मोज्यात सुई घालताना कमीपणा वाटतो.

काम अवघड मुळीच नाही. महिन्यातून एकदा धुतलेला मोजा हातावर चढवून उजेडात धरावा. जिथून बोट दिसू लागले, तिथे भोक पडण्याआधीच जुन्या टाक्याच्या वळणावरून सुईने नवा धागा फिरवावा. भोक पडलेच तर आतून काहीतरी गोलसर धरावे. आई उडालेला दिवा धरायची. आता तसले काचेचे दिवे घरात राहिले नाहीत, मी उलटी वाटी धरते. भोकापासून अर्धा इंच अलीकडे, धडक्या टाक्यांतून सुरुवात करून उभे धागे टाकावेत, मग आडवे धागे एकाखालून एकावरून न्यावेत. ओढून धरू नये. आणि गाठ मारू नये, हे महत्त्वाचे, गाठीने पायाला फोड येतो. पाऊलच गेले असेल आणि मोजा वरून खाली विणलेला असेल, तर घोट्यापर्यंत उसवावे, टाके सुयांवर घ्यावेत आणि नवे पाऊल विणावे. पोटरीचा भाग अजून कितीतरी वर्षे टिकतो.

आईला जाऊन बरीच वर्षे झाली. गहिवरून लिहिण्याचा मोह मलाही होतो, पण मोजेच नाहीत तर कशावर लिहू? तो गुंडा मात्र ट्रंकेत कडुनिंबाच्या पाल्यात राहिला होता. गेल्या हिवाळ्यात नातवाच्या तपकिरी मोज्याची टाच त्याने भरली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, रंग जुळत नाही." नाहीच जुळत. लिंबाएवढी निळी लोकर अजून शिल्लक आहे आणि दुसरी टाचही विरत आली आहे.