गोंदियाच्या कॅन्सर रुग्णाचं दुखणं जिल्ह्यातच थांबवा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, गोंदिया
मा. अधिष्ठाता, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, गोंदिया
मा. जिल्हा शल्य चिकित्सक, गोंदिया
मा. सहायक आयुक्त (औषधे), अन्न व औषध प्रशासन

विषय : कॅन्सरच्या रुग्णांना वेदनाशमन जिल्ह्यातच मिळण्याबाबत, आणि त्यावरचं संशोधन जिल्ह्यात सुरू करण्याबाबत

सन्माननीय महोदय,

कॅन्सरच्या इलाजासाठी आपला जिल्हा नागपूरला जातो. गोंदियाहून रेल्वेनं सुमारे १३० किलोमीटर, आणि देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या आतल्या गावांतून निघालेल्यांना त्याआधीचा रस्ता वेगळा. शस्त्रक्रिया, केमो, शेक (रेडिएशन) हे महात्मा फुले योजनेतून होतं आणि पुष्कळ घरं त्यामुळेच तरली. त्याबद्दल हे पत्र नाही. ‘आता आणखी काही करता येणार नाही, घरी न्या, सेवा करा’ असं ऐकून माणूस गावी परततो, त्यानंतरच्या दिवसांबद्दल आहे. त्या दिवसांत त्याच्या दुखण्याची जबाबदारी कोणाची, हा माझा प्रश्न आहे आणि तो मी आपल्या चौघांनाही विचारतो आहे, कारण उत्तर चौघांच्या टेबलांवर विभागलेलं आहे.

माझ्या काकांना जबड्याचा कॅन्सर झाला. तंबाखू-सुपारीचा खर्रा तरुणपणापासूनचा. शस्त्रक्रिया झाली, शेक झाले, वर्षभरानं गाठ परत आली. तोंड एक बोटभरही उघडेना. काकू गोळी खलबत्त्यात कुटायची, चमचाभर पाण्यात कालवायची आणि गालाच्या बऱ्या बाजूनं आत सोडायची. निम्मी हनुवटीवरून खाली यायची. आडवं झालं की ठणका वाढायचा, म्हणून काका रात्ररात्र भिंतीला टेकून बसून काढत. रोवणीचे दिवस होते, घरचे सगळे बांधीत गेलेले असायचे, आणि एरवी कोणाच्या बांधीत चिखल किती झाला हे विचारणारा माणूस आलेल्या-गेलेल्याकडे मान वळवूनही पाहत नसे. एका रुग्णालयातून मिळालेल्या चिठ्ठीवर डायक्लोफिनॅक लिहिलेलं होतं आणि पुढे दोन शब्द : ‘दुखलं तर’.

त्या दोन शब्दांपाशी थांबावंसं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ मध्ये कॅन्सरच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी मांडली. साध्या वेदनाशामकापासून सुरुवात, भागलं नाही तर सौम्य अफूजन्य औषध, आणि त्यानंही भागलं नाही तर मॉर्फिन. त्याबरोबर एक नियम होता : औषध तोंडानं द्या आणि घड्याळाप्रमाणे द्या. दुखायला लागेपर्यंत थांबायचं नाही. आधीच्या गोळीचा असर उतरण्यापूर्वी पुढची गोळी पोटात गेली पाहिजे. साधी मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी. रात्री झोपताना बहुधा दुप्पट, म्हणजे मधल्या वेळी उठावं लागत नाही. सोबत पोट साफ ठेवणारं औषध पहिल्या दिवसापासून, कारण मॉर्फिननं शौचाला खडा होतो आणि त्या त्रासापायीच रुग्ण गोळी सोडून देतात. मधेच कळ उठली तर तेवढ्यापुरता वेगळा डोस. यात एकही गोष्ट अशी नाही की जी अर्जुनी मोरगावच्या ग्रामीण रुग्णालयात होऊ शकत नाही.

आणि हे नुसतं कागदावरचं शास्त्र नव्हे. जर्मनीत दहा वर्षं २,११८ रुग्णांवर ही पद्धत वापरून १९९५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले; १०० पैकी ७६ रुग्णांना चांगला आराम पडला होता. पुढे मधल्या पायरीवरच शंका घेतली गेली. इटलीत मध्यम वेदनेच्या २४० रुग्णांपैकी काहींना सौम्य औषध दिलं आणि काहींना थेट कमी मात्रेचं मॉर्फिन. २०१६ मध्ये आलेले आकडे असे : मॉर्फिनवाल्यांपैकी सुमारे ८८ टक्क्यांना ठोस आराम, दुसऱ्या गटात सुमारे ५८ टक्क्यांना. आपल्याकडे मात्र मॉर्फिन हे नाव काढलं की नातेवाईक घाबरतात, दुकानदार हात झटकतो आणि डॉक्टर विषय बदलतात.

ही भीती कुठून आली हे आपल्याला माहीत आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं परवान्यांचं असं जाळं विणलं की देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९७ टक्क्यांनी घसरला. १९९७ साली अख्ख्या भारतात जेमतेम १८ किलो मॉर्फिन रुग्णांपर्यंत पोचलं. आणि हा देश स्वतः अफू पिकवतो. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, नीमचला, तिचा सरकारी कारखाना आहे. गोळी महागही नाही. व्यसन लागेल, बाजारात जाईल, ही शंका असेल तर तिचं उत्तर परदेशातून आणायची गरज नाही. केरळात कोझिकोडच्या केंद्रानं दोन वर्षांत १,७२३ रुग्णांना घरी घेण्यासाठी मॉर्फिन दिलं, आणि गैरवापराचा किंवा गोळ्या बाहेर वळवल्याचा एकही प्रकार आढळला नाही. डॉ. एम. आर. राजगोपाल आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

संसदेनं २०१४ मध्ये कायदा दुरुस्त केला. मॉर्फिनसह सहा औषधं अत्यावश्यक ठरली, आणि अनेक खात्यांच्या अनेक परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाकडून संस्थेला एकच मान्यता पुरेशी झाली. अट मुख्यतः ही की वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर तिथं असावा. महाराष्ट्रानं तर त्याआधीच, २०१२ मध्ये, परिहार सेवेचं, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचं, धोरण केलं होतं. आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या सेवांच्या यादीतही परिहार सेवा आहे. म्हणजे कायदा, धोरण आणि यादी तिन्ही रुग्णाच्या बाजूनं आहेत. उरतो तो अंमल, आणि तो आपल्या हातात आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्यात किमान एका सरकारी रुग्णालयाला ही मान्यता मिळावी, तिथला एक डॉक्टर आणि एक परिचारिका प्रशिक्षित व्हावी, आणि साठा संपण्याआधी मागणी जावी. औषध प्रशासनाला माझी कळकळीची विनंती आहे की या अर्जांकडे संशयानं पाहू नका. अर्ज आले नाहीत, तर तुम्हीच रुग्णालयांना पत्र पाठवून ते का आले नाहीत असं विचारा.

अधिष्ठाता महोदय, आता आपल्याशी थोडं सविस्तर बोलतो. गोंदियात वैद्यकीय महाविद्यालय २०१६ पासून आहे. शिकणारे आहेत, शिकवणारे आहेत, आणि झाडीपट्टीचा रुग्ण दाराशी आहे. कॅन्सरच्या वेदनेवर आपल्या भागापुरतं संशोधन करायला आणखी काय लागतं? मोठी यंत्रं नक्कीच लागत नाहीत. आपल्याकडे खर्ऱ्यामुळे तोंडाचे कॅन्सर भरपूर आहेत आणि त्यांची वेदना वेगळी आहे : गिळताना, बोलताना, नुसता वारा लागला तरी कळ. जबडा आखडलेला, त्यामुळे गोळी गिळवत नाही. हळूहळू औषध सोडणारी गोळी तर कुटूनही देता येत नाही. अशा माणसाला पातळ औषध द्यावं की कुटलेली साधी गोळी, नळीतून द्यावं की त्वचेखाली, कशानं रात्र सुखाची जाते, हे इथल्या रुग्णांवरच, त्यांच्या संमतीनं, नीट नोंदी ठेवून शोधता येईल.

वेदना मोजायची कशी, हाही अभ्यासाचा विषय आहे. शून्य ते दहापैकी आकडा सांगा म्हटलं की गावातली म्हातारी माणसं गोंधळतात. ‘किती आणे आराम आहे?’ विचारलं की लगेच उत्तर येतं, ‘चार आणे.’ सोळा आण्यांचं हे माप रुग्णाच्या जिभेवर आधीच आहे. ते शास्त्रीय कसोटीवर किती उतरतं हे तपासलं, तर आशाताईलाही घरी बसून वेदनेची नोंद घेता येईल. गोंडी बोलणाऱ्यांसाठी काय चालेल, ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावं लागेल.

दुसरीकडचे निष्कर्ष जसेच्या तसे उचलता येत नाहीत, म्हणूनही हा आग्रह. अमेरिकेत फुप्फुसाच्या पुढच्या अवस्थेतल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांचा अभ्यास २०१० मध्ये गाजला. सुरुवातीपासून परिहार सेवा मिळालेल्यांचं जगणं अधिक बरं गेलं, आणि ते जगलेही जास्त : मध्यक ११.६ महिने, इतरांचा ८.९ महिने. मुंबईच्या टाटा मेमोरियलनं तोंड-गळ्याच्या कॅन्सरच्या रुग्णांवर तसाच प्रयोग केला, तर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तसा स्पष्ट फरक दिसला नाही. याचा अर्थ सेवा निरुपयोगी आहे असा मी घेत नाही. आपल्या रुग्णाला नेमकं काय हवं हे आपल्यालाच शोधावं लागणार, एवढं मात्र त्यातून कळतं.

काही गोष्टी शोधायचीही गरज नाही, फक्त आग्रह धरायचा आहे. कॅन्सर हाडात उतरून दुखत असेल, तर एकाच बैठकीत दिलेला शेक बहुतेक वेळा अनेक बैठकींइतकाच आराम देतो. १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये १,१७१ रुग्णांवर हे दिसून आलं. पुन्हा शेक लागण्याचं प्रमाण त्यात बरंच जास्त असतं, ते रुग्णाला आधी सांगावं. पण ज्याच्या मुलाला मजुरी बुडवून नागपूरच्या धर्मशाळेत राहावं लागतं, त्याच्यासाठी एक दिवस आणि आठवडाभर यांत केवढं अंतर आहे! जिल्हा शल्य चिकित्सकांनी रुग्णाला नागपूरला पाठवताना चिठ्ठीवरच हा मुद्दा लिहावा, आणि परत येणाऱ्या प्रत्येक कॅन्सर रुग्णाचं नाव त्याच्या गावच्या उपकेंद्राला कळेल अशी सोय करावी.

जिल्हाधिकारी महोदय, या चार कार्यालयांना एकत्र बसवणं आपल्यालाच शक्य आहे. पुढच्या रोवणीआधी ती बैठक घ्या. मॉर्फिन कोणत्या रुग्णालयात मिळतं, कोणत्या वारी मिळतं आणि आज शिल्लक आहे की नाही, एवढं प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या दर्शनी फलकावर मराठीत लिहिलेलं असावं, अशी व्यवस्था त्या बैठकीतून व्हावी ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया