दलदलीतले गवत, बुटातली ऊब



खुरपणीला बसाल तेव्हा लव्हाळ्याचा एक दांडा तोडून बोटांत फिरवून बघा. साध्या गवताची काडी गोल लागते, लव्हाळ्याच्या तीन कडा बोटांना जाणवतात. या कुळाचे भाऊबंद जगभर पसरले आहेत. त्यातल्या एका थंड मुलखातल्या भावाची ही हकिगत.

शास्त्रात त्याला केरेक्स व्हेसिकारिया म्हणतात. नॉर्वे, स्वीडन, फिनलंडकडे तळ्यांच्या काठी, पाणथळ जागी ते आपोआप उगवते. तिथल्या उत्तर भागात हिवाळ्यात पारा शून्याखाली ३० अंशांच्याही खाली जातो. अशा थंडीत सामी लोक रेनडिअर हरणांचे कळप राखत. पाय ओला राहिला तर बोटे गोठतात, काळी पडतात, प्रसंगी कापावी लागतात. राखणदारच लंगडा झाला तर कळपामागे जाणार कोण?

म्हणून उन्हाळ्यात हे गवत कापायचे. बडवून मऊ करायचे, विंचरायचे, वाळवून त्याच्या वेण्या घालून ठेवायच्या. हिवाळा आला की कातडी बुटांत ते मोकळे करून भरायचे. मोजे नाहीत, पाय थेट गवतात! पात्यांमध्ये कोंडलेली हवा ऊब धरते आणि घाम गवत शोषून घेते. रात्री ते काढून सुकवायचे, पिंजून सकाळी पुन्हा भरायचे. सुकवण्यात आळस केला, तर बूट असून नसल्यासारखा.

ही विद्या पुढे दूरवर गेली. १८९९ साली अंटार्क्टिकाच्या भूमीवर पहिल्यांदाच हिवाळा काढणाऱ्या दहा जणांत पेर साव्हिओ आणि ओले मुस्ट हे दोन सामी होते. १९११ साली दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या अ‍ॅमंडसेन आणि स्कॉट या दोघांच्याही तुकड्यांनी बुटांत हेच गवत भरले होते. मोठमोठ्या मोहिमांनी गुराख्यांकडून शिकावे, ते असे.

आता आपल्या लव्हाळ्याकडे वळू. पिकात तो तणच; त्याला दयामाया नको. नुसता वरून उपटला तर खालच्या गाठीतून पुन्हा फुटतो, म्हणून गाठीसकट खणून काढा. त्या गाठी बांधावर मात्र फेकू नका, तिथेही रुजतील. स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवा. हाच तो सुवासिक नागरमोथा. दिवाळीच्या उटण्यासाठी बाजारातून विकत आणतो, तो आपल्याच वावरात आहे, बरे का!