आजोबांच्या मृत्यूची नोंद सापडेना, वारस नोंद पुढे सरकेना. दप्तर नेमकं कुठं शोधायचं?

"भाऊसाहेब, आजोबांचा मृत्यूचा दाखला पाहिजे होता."
"कोणत्या साली वारले?"
"साल नाही सांगता यायचं. दुष्काळाच्या आसपास असेल."
"मग नोंद नाही. तहसीलला जा."

गेल्या वर्षभरात असा संवाद बहुतेक ग्रामपंचायतींत एकदा तरी झाला असेल. राज्य सरकारने १ एप्रिल २०२५ पासून 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर सुरू केली. सुरुवात त्याआधी महिनाभर बुलढाणा जिल्ह्यातून झाली होती. सातबाऱ्यावरील मयत खातेदारांची नावं कमी करून वारसांची नावं लावायची, असा हेतू. चावडीवाचन झालं, मयतांच्या याद्या झाल्या. त्यानंतर वारसांना कागदं मागितली गेली आणि त्यातलं पहिलंच कागद होतं मृत्यूचा दाखला. ज्यांच्याकडे तो होता त्यांचं काम पुढे गेलं. ज्यांच्या घरात आजोबा-पणजोबांच्या नावावर अजून शेत आहे, ते तिथेच थांबले.

त्याच महिन्यात शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. मयत माणसाचा ओळख क्रमांक निघत नाही. म्हणजे शेत कसणारा जिवंत आहे, पीक उभं आहे, पण सरकारी योजनेच्या यादीत त्या गटाला मालकच नाही. बँकेचं पीककर्जही त्याच नावापाशी अडतं.

'नोंद नाही' म्हणजे नेमकं काय?

कार्यालयातून तोंडी मिळणाऱ्या 'नोंद नाही' या उत्तराचे तीन अर्थ निघतात. नोंद झालीच नाही, हा एक. झाली, पण दुसऱ्या गावच्या वहीत, हा दुसरा. आणि वही आहे, पण कोणी उघडून पाहिली नाही, हा तिसरा. लोक पहिलाच अर्थ धरतात आणि उशिराच्या नोंदणीच्या मागे लागतात. प्रत्यक्षात बऱ्याच घरांचं उत्तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या अर्थात असतं.

जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा आहे. त्यानुसार मृत्यूची नोंद माणूस जिथे वारला तिथे होते, तो जिथे राहत होता तिथे नाही. सगळा घोळ इथून सुरू होतो. म्हातारा गावचा, पण शेवटचे चार दिवस जिल्ह्याच्या दवाखान्यात गेले असतील तर नोंद त्या शहरात. अंत्यविधी गावात झाला, दशक्रिया गावात झाली, सगळं गाव साक्षीला आहे, तरी ग्रामपंचायतीच्या वहीत नाव सापडणार नाही. गाडीत, वाटेत प्राण गेला असेल तर गाडी पहिल्यांदा जिथे थांबली तिथे कळवायचं, असं कायदाच सांगतो. तालुक्याच्या रुग्णालयातून जिल्ह्याला नेताना वारलेल्या माणसाची नोंद शोधताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे हाल याहून वाईट. बीड जिल्ह्यातला मजूर कोल्हापूर-सांगलीकडच्या फडात किंवा कर्नाटकात वारला, तर नोंद त्या गावच्या हद्दीत व्हायला हवी. मुकादमाने कळवलं का, कारखान्याच्या माणसाने कळवलं का, हे घरच्यांना माहीत नसतं. प्रेत घेऊन गावी येण्याच्या गडबडीत कागद कोण मागणार? अशा वेळी त्या हद्दीतली ग्रामपंचायत किंवा नगरपालिका इथेच चौकशी करावी लागते. अपघात असेल तर पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल यांवरून ठिकाण आणि तारीख दोन्ही पक्की होतात.

आधी साल पक्कं करा

वर्ष माहीत नसेल तर कोणताही कर्मचारी पन्नास वह्या चाळत बसणार नाही, आणि त्यात त्याचा फार दोषही नाही. साल काढायचा सोपा रस्ता मात्र बहुतेकांच्या घरातच असतो. भावकीतल्या एखाद्या तरी जमिनीवर पूर्वी वारस नोंद झालेली असते. त्या जुन्या फेरफारात, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, 'अमुक तारखेस मयत' असं लिहिलेलं सापडतं. वारस नोंदवही, म्हणजे ६ क, हीसुद्धा पाहावी. तलाठ्याकडे (कागदोपत्री आता ग्राम महसूल अधिकारी) किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात हे मिळतं. मतदार यादीतून नाव कधी गेलं, निराधार किंवा श्रावणबाळचे पैसे कधी बंद झाले, रेशनकार्डावरचं नाव कधी कापलं, यावरूनही एक-दोन वर्षांच्या फरकाने अंदाज येतो. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान् पिढ्यांच्या नोंदी असतात. त्यावरून दाखला मिळत नाही, पण दिशा मिळते.

कायद्याआधीच्या काळातला मृत्यू असेल तर ग्रामपंचायतीच्या वहीत शोधून बहुधा हाती काही लागत नाही. त्या काळी गावचा पाटील-कोतवाल नोंद ठेवायचा. ती जुन्या गाव नमुना नंबर १४ मध्ये किंवा विदर्भात कोतवाल बुकात असते आणि दप्तर तहसीलच्या अभिलेख कक्षात जमा असतं. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा याच वह्या उघडल्या गेल्या. अनेक जिल्ह्यांनी त्यांतली पानं स्कॅन करून जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकली. जातीचा पुरावा म्हणून ती पानं सगळ्यांनी पाहिली. पण त्याच ओळीत मृत्यूची तारीखही आहे, हे अनेकांच्या लक्षात आलं नाही.

या वह्या वाचणं मात्र जिकिरीचं. पुष्कळ पानं मोडीत आहेत, मराठवाड्यात निजामकाळातलं दप्तर उर्दूतही आहे. आडनाव नसतं. पुरुषाच्या नावापुढे 'बिन' किंवा 'वलद' आणि बापाचं नाव, बाईच्या नावापुढे 'कोम' आणि नवऱ्याचं नाव. आजी 'सखुबाई' म्हणून शोधली तर सापडणार नाही, वहीत ती 'सखू कोम रामा' असते. सापडली की कोर्ट फी तिकीट लावून प्रमाणित नकलेचा अर्ज करायचा.

घाईत दुसरी नोंद नको

मृत्यू २१ दिवसांत कळवला तर नोंद मोफत. तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षाच्या आत असेल तर वरच्या अधिकाऱ्याची परवानगी. वर्ष उलटलं की पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागायचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून हा अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत आणि जिल्हाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला. लोकांना वाटलं, सुटलो कोर्टाच्या चकरांतून. पण बोगस जन्मदाखल्यांच्या तक्रारींनंतर जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने उशिराचे दाखले देणं थांबवलं आणि मार्चमध्ये कडक कार्यपद्धती आणली. पुराव्यांची छाननी, पोलिसांकडून पडताळणी, खोटी माहिती निघाली तर गुन्हा. तक्रारी मुख्यतः जन्मदाखल्यांच्या होत्या, पण जाच म्हाताऱ्यांच्या मृत्यूनोंदीलाही लागला.

म्हणून खरी नोंद कुठेतरी असताना अंदाजाची तारीख टाकून नवी नोंद करून घेणं धोक्याचं आहे. एका माणसाच्या मृत्यूच्या दोन तारखा झाल्या की भावकीतलं भांडण ठरलेलं. आणि तारीख ही नुसती औपचारिकता नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला. वडील त्याआधी वारले आणि मागे विधवा व मुलगी असेल, तर त्या मुलीला वडिलांच्या मिळकतीत वारसाहक्क मिळत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं आहे. म्हणजे आत्याचा हिस्सा आहे की नाही, हे वहीतल्या एका तारखेवर ठरू शकतं. तारीख 'अंदाजे' लिहून घेणारा कोण आहे आणि त्याचा फायदा कशात आहे, हे पाहायलाच हवं.

शोधासाठी अर्ज लेखीच द्यावा. मृताचं पूर्ण नाव, उर्फ नाव, बाप किंवा नवऱ्याचं नाव, ठिकाण, आणि एकाच सालाऐवजी मागची-पुढची मिळून पाच वर्षं त्यात लिहावीत. शोध घ्यायला लावण्याचा आणि उतारा मागण्याचा हक्क कायद्याच्या कलम १७ ने दिलेला आहे. शोधूनही सापडलं नाही तर 'अनुपलब्धता प्रमाणपत्र' मागावं. पुढे उशिराची नोंदणी करायची वेळ आली तर हेच कागद लागतं. "तहसीलला जा" हे तोंडी वाक्य कुठल्याच फायलीला लागत नाही. अर्जाची पोच मिळाली नाही किंवा काम रखडलं तर सेवा हक्क कायदा २०१५ खाली अपील करता येतं.

वही वाळवीने खाल्ली, पुरात गेली, जुन्या ग्रामसेवकाने चार्जच दिला नाही, अशी उत्तरं मिळतात. नियमानुसार मृत्यू नोंदवही हे कायम जपायचं दप्तर आहे, ते नष्ट करताच येत नाही. वही नसेल तर तसं लेखी घेऊन जिल्हा निबंधकांकडे तक्रार करता येते. वारसाने तीन महिन्यांत वर्दी दिली नाही म्हणून त्याला ऐकवलं जातं, पण हरवलेल्या वहीबद्दल कोणाला नोटीस निघाल्याचं गावात ऐकायला मिळत नाही.

आणखी एक गोष्ट, कारण यावरून विम्याच्या फायली परत येतात. मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण लिहिलेलं नसतं आणि मागूनही लिहून मिळत नाही, कायद्यातच तशी मनाई आहे. कारणाचं प्रमाणपत्र उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून घ्यायचं असतं. २०२३ च्या दुरुस्तीनुसार ते जवळच्या नातेवाइकाला देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. दवाखान्यातून निघतानाच ते मागून घेतलं तर नंतरचे हेलपाटे वाचतात.