सपाट बुडाचा आलेख

गृहपाठ असा होता: वर्गसमीकरणाचा आलेख ॲपवर काढा, प्रिंट घ्या, वहीत चिकटवा. या स्तंभलेखकाच्या शेजारच्या दहावीतल्या मुलाने तो दोन मिनिटांत उरकला. त्यातलं एक मिनिट प्रिंटरला कागद घालण्यात गेलं. रांगोळीचे स्टिकर आले आणि ठिपके मोजणं गेलं, त्यातलाच हा प्रकार. न राहवून लेखकाने त्याच्यापुढे आलेख कागद आणि शिसपेन्सिल ठेवली.

समीकरण एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातलंच घेतलं: क्ष² − ३क्ष − ४. क्षला −२ पासून ५ पर्यंत किमती देत गेलं की उत्तरं येतात ६, ०, −४, −६, −६, −४, ०, ६. पाचव्या उत्तराला मुलगा थबकला. उणे सहा दोनदा कसे? खोडून पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग त्याने आठ बिंदू मांडले, बाजू छान वळवून काढल्या आणि खालचे दोन बिंदू चक्क पट्टीने जोडले. अन्वस्ताला पातेल्यासारखं सपाट बूड आलं.

सगळी गंमत या बुडात आहे. फोनवरच्या आलेखाला ते कधी येत नाही. यंत्र ढीगभर बिंदू काढून रेघ गुळगुळीत करून देतं, नजर तिच्यावरून घसरते आणि १ व २ यांच्या मधे काय घडलं हे विचारायची वेळच येत नाही. कागदावर तिथे एक सेंटीमीटरची मोकळी जागा असते. ती कशी ओलांडायची, हे पेन्सिल धरणाऱ्यालाच ठरवावं लागतं. ‘बाजूला सगळीकडे वाकते, मग इथेच सरळ का होईल?’ असं मुलगा स्वतःशीच पुटपुटला आणि त्याने मधली किंमत घ्यायचं ठरवलं.

मधली म्हणजे दीड. आणि दीडचा वर्ग करायला त्याचा हात गेला फोनकडे!

पावकी-दिडकीच्या पाढ्यांवरच्या मागच्या एका लेखाला ‘म्हातारचळ’ म्हणणाऱ्या वाचकांनी हा परिच्छेद खुशाल गाळावा. दीडची दीडपट सव्वादोन. दीड त्रिक साडेचार. सव्वादोनातून साडेचार गेले, उणे सव्वादोन. आणखी चार गेले, उणे सव्वासहा. कागद नको, बटणं नकोत. दिडकी गेल्यापासून मुलांना दीड ही संख्याच वाटत नाही, असा या लेखकाचा संशय आहे. पुरावा विचारू नये.

तर बूड पाव एककाने खाली गेलं. एका सेंटीमीटरला एक एकक या प्रमाणात ते अडीच मिलिमीटर. पट्टीची रेघ खोडताना कागद थोडा फाटला, पण पातेल्याची कढई झाली.

राज्य मंडळाच्या पुस्तकात आलेख कागद निघतो तो रेषीय समीकरणांसाठी. रेषा सरळ, पट्टी पुरते. वर्गसमीकरणं मात्र अवयव, पूर्ण वर्ग आणि सूत्र या वाटांनी सोडवायची. याच समीकरणाचा पूर्ण वर्ग केला तर (क्ष − ३/२)² − २५/४ मिळतं. तीन छेद दोन म्हणजे दीड, पंचवीस छेद चार म्हणजे सव्वासहा: शिरोबिंदूचा अख्खा पत्ता त्या ओळीत लिहिलेला असतो. मुलं ती ओळ घोटून गुण मिळवतात आणि पत्त्यावर कुणीच जात नाही.

मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबर्गला जिओजेब्रा या आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरची सुरुवात केली, त्याबद्दल या लेखकाची तक्रार नाही. क्ष²चा सहगुणक सरकवत अन्वस्त अरुंद होताना पाहणं हे काम कागदाला जमणार नाही. तक्रार एवढीच, की पहिला आलेखही त्यालाच काढायला लावू नये.

मुलाने शेवटी दीडवर उभी घडी घालून कागद खिडकीशी धरला. −१ बरोबर ४ वर बसला. त्याने घडी तीनदा उघडली, तीनदा मिटली. मग फोन उचलून त्या फाटक्या पानाचा फोटो काढला आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकला.